पेटीबाई थांबायच्या ती जागा

आमच्या पेटीबाईंनी जन्मात कोणाला ‘तुला गाता येत नाही’ असं म्हटलं नाही. म्हणण्यासारखी माणसं समोर नव्हती, असं मुळीच नाही. अमरावतीच्या आमच्या कॅथेड्रलच्या गायनमंडळात त्यांच्या काळात कोणीही यावं आणि उभं राहावं. गळा बसलेले होते, कानांनी कमी ऐकणारे होते, नुसतेच ओठ हलवून घरी जाणारे होते. आणि सायमनकाका होते. त्यांचा आवाज लागला की खिडकीतली कबुतरं उडायची. बाईंपाशी कोणी तक्रार केली की त्या पेटीवरची नजर न हलवता म्हणायच्या, “देवानं तोंड देलं हाय ना त्याले? मंग गाऊ दे. सूर सांभाळाले मी बसलो हाय.” वऱ्हाडातल्या जुन्या बायका स्वतःबद्दल ‘बसलो’, ‘आलो’ असंच बोलतात. बाहेरगावची माणसं ते ऐकून चमकतात, पण बाईंचं बोलणं ऐकून चमकण्यासारखं त्याहून पुष्कळ असायचं.

त्यांना नाव होतं, पण ते बहुधा फक्त बँकेत चालायचं. त्या मूळच्या चांदूर बाजारकडच्या. मिशनच्या शाळेत त्यांनी मुलींना शिवण शिकवलं, लग्न केलं नाही आणि उरलेला सगळा वेळ चर्चच्या पायपेटीला दिला. पायपेटी म्हणजे खुर्चीवर बसून वाजवायची ती उंच पेटी, पायांनी भाता मारायचा आणि हातांनी सूर धरायचा. तिचं लाकूड कोणत्या काळातलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाई त्या पेटीला रोज पुसायच्या, तिच्याशी बोलायच्या आणि तिलाही माणसांइतक्याच रागवायच्या.

शिवणाच्या बाई असल्यामुळे त्यांची गाणाऱ्यांना उभं करण्याची रीतही शिवणातलीच होती. “कच्चा गळा मधी ठेवाचा आन् दोन्ही अंगानं पक्का टाका माराचा. मंग उसवत नाही,” असं त्यांचं शास्त्र. मी आठवीत असताना गायनमंडळात आले, तेव्हा त्यांनी माझ्याकडून एक ओळ म्हणवून घेतली, क्षणभर विचार केला आणि मला दंडाला धरून सायमनकाकांच्या डाव्या बाजूला नेऊन उभं केलं. मला वाटलं, आपली चांगली जागा लागली. पुढे महिनाभराने उलगडा झाला की मी पक्का टाका आहे. सायमनकाकांचं सायकल-पंक्चरचं दुकान होतं. माणूस इतका भला की पंक्चर नसेल तर हवा भरून परत पाठवायचा. पण गाणं कोणतंही असो, ते एकाच सुरात म्हणायचे आणि तेही डोळे मिटून, मनापासून. त्यांच्या शेजारी उभं राहून आपला सूर टिकवणं हीच माझी संगीताची सगळी तालीम. ती ज्याची झाली, त्याला पुढे कशाचं भय वाटत नाही.

बाईंची दुसरी खासियत म्हणजे त्यांचं थांबणं. आमचं एक प्रवेशगीत आहे, मिस्सेच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या सुरुवातीला फादर वेदीकडे चालत येतात तेव्हा म्हणायचं. इथल्याच कोणा जुन्या माणसाने रचलेलं, साधंसुधं. ‘आलो तुझ्या अंगणी आम्ही सारे जण’ ही पहिली ओळ आणि ‘आत बोलाव देवा, दे तुझे दर्शन’ ही दुसरी. पहिली ओळ संपली की बाईंची पेटी गप्प व्हायची. त्या उजवा हात वर उचलायच्या, सगळं चर्च हाताकडे बघत उभं राहायचं, हात खाली आला की दुसरी ओळ. हे थांबणं चांगलं घसघशीत असायचं, तेवढ्यात एखाद्याने खोकून घ्यावं. आम्हा मुलांना कारण माहीत होतं. पेटीचा भाता फाटका होता, त्यात पुन्हा हवा भरल्याशिवाय पुढची ओळ वाजणारच नव्हती.

मग कधीतरी युनूसभाईंनी तो भाता दुरुस्त केला. युनूसभाई आमच्या शाळेसमोर दप्तरं आणि सूटकेसी शिवायचे. त्यांनी चर्चमध्ये येऊन, जमिनीवर मांडी घालून, पेटीच्या पोटाला नवं चामडं लावलं. “अब देखो बाई, दो गाने एक साँस में बजाओ,” असं म्हणाले आणि पैशांचं नावही काढलं नाही. रविवारी आम्ही सगळे उत्सुक. पहिली ओळ संपली, आम्ही जोरात पुढे निघालो आणि पेटी गप्प. हात वर. आम्ही चार-दोन शब्द उधळून तोंडघशी पडलो. मिस्सा झाल्यावर मी विचारलं, “बाई, पेटी तर आता हवा धरते ना?”

“पेटी धरते. मागच्या बाकावरचे कुठी धरून राहिले? थे काठी टेकत येतेत, त्याइची पयली ओळ अजून दारात रायते.” मग पेटीचं झाकण लावत म्हणाल्या, “आन् गाण्यात काय म्हनलं आपण? अंगणात आलो म्हनलं. मंग अंगणात थांबाव लागते ना, घरातून ‘या’ म्हनेलोक. धडकन आत घुसते का कोणी कोनाच्या घरात?”

मला हे उत्तर त्या वयात फार आवडलं होतं. आजही आवडतं.

या सगळ्याच्या वर बाईंचं एक स्वप्न होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. आमच्या पॅरिशला, म्हणजे या चर्चच्या मंडळीला, शंभर वर्षं पूर्ण होणार होती. ते साल अजून कुठल्या कुठे होतं, तेव्हापासून बाई सांगायच्या, “शंभरीचं प्रवेशगीत माह्या पायानं वाजन. त्याच्या आधी देवानं बोलावलं तं त्यालेच थांबा म्हनीन.” देवाने ऐकलं, पण गुडघ्यांनी ऐकलं नाही. दोन्ही गुडघे गेले, जिना चढवेना, आणि बाई अकोल्याला भाच्याकडे राहायला गेल्या. पायपेटीवर चादर पडली. तिच्या जागी कीबोर्ड आला, पण प्रवेशगीतातलं थांबणं तसंच राहिलं. अकोल्याहून बाईंचा मला फोन यायचा, तब्येत विचारली तर त्या उत्तर देत नसत, त्यांना फक्त शंभरीची तयारी हवी असायची.

आणि तयारी काय सांगू! वर्ष उजाडलं तशी आम्हा सगळ्यांना जणू पंख फुटले. चर्चला नवा रंग लागला, घंटा उतरवून घासली, आवारात मांडवाचे बांबू पडले. ज्या दोन माणसांनी वीस वर्षं एकमेकांना ‘जय येशू’ केलं नव्हतं, ती दोघं एका शिडीवर चढून दिव्यांच्या माळा लावत होती. अकोल्याची मंडळी बस करून येणार, बाळापूर, नांदगाव खंडेश्वर, कुठून कुठून माणसं येणार, मेळघाटातून कोरकू मंडळी ढोल-बासरी घेऊन मिरवणुकीच्या पुढे नाचत येणार. युनूसभाई आता म्हातारे झालेत, तरी कोणी न सांगता आले आणि पायपेटीचा भाता पुन्हा नवा करून गेले. शंभरीला बाई वाजवणार हे त्यांनाही माहीत होतं.

संगीताची जबाबदारी आमच्या धाकट्या फादरांकडे होती. ते वसईकडचे, वयाने लहान, रीतसर संगीत शिकलेले, मनाने निर्मळ. त्यांना एकच काळजी होती. बिशप येणार, बाहेरचे पाहुणे येणार, सगळा सोहळा मोबाईलवर देशोदेशी थेट दिसणार, तेव्हा गाणं देखणं व्हायला हवं. म्हणून शंभरीच्या कमिटीत ठरलं की प्रवेशगीत निवडक गाणाऱ्यांनी म्हणावं, बाकीच्यांनी ते शांतपणे ऐकावं. आवाज तपासले गेले. मला घेतलं. सायमनकाकांना सगळ्यांनी फार प्रेमाने सांगितलं की काका, त्या दिवशी गाड्या लावण्याचं काम तुमच्याइतकं कोणाला जमणार नाही.

काका ‘बरं’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानावरून जाताना पाहिलं, तर ते ट्यूब पाण्यात धरून बसले होते आणि बुडबुडे येत असूनही छिद्र शोधत नव्हते. मला ते बघवेना. मी अकोल्याला फोन लावला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “पार्किंग?” एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याच्या गाडीतून त्या चर्चच्या दारात हजर. हातात वॉकर, अंगावर परीटघडीची पांढरी साडी, तोंडावर ऊन. भाचा बिचारा माझ्याकडे पाहून नुसता हात जोडत होता.

कमिटी हॉलमध्ये बसली होती. बाई उभ्यानेच बोलल्या, कारण बसल्यावर उठायला वेळ लागतो आणि त्यांना वेळ नव्हता. “फादर, शंभर वर्स कोनाले झाले? चर्चले का कीबोर्डले?”

“चर्चला, बाई,” फादर हसून म्हणाले.

“मंग चर्च गाईन. ज्याइनं उन्हातानात येऊन हे बाक घासले, थे शंभरीले काहून गप बसतीन? माह्या सायमनले तुमी गाड्या मोजाले लावून राहिले?”

फादरांनी शांतपणे अडचण सांगितली. इतकी माणसं एकत्र गाणार, त्यात जुनी पायपेटी आणि कीबोर्ड, दोघांचे सूर जुळत नाहीत, पेटी जरा खाली उतरलेली आहे. शिवाय मधलं ते थांबणं. पाहुण्यांना वाटेल, काहीतरी बिघडलं. “एकाच वाद्यावर, एका लयीत, न थांबता म्हटलं तर सगळ्यांना घेऊनही कदाचित जमेल,” ते म्हणाले.

बाईंनी वॉकर घट्ट धरला. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते त्या हॉलमध्ये फक्त मला कळत होतं. मी त्या शंभरीच्या गोष्टी आठवीपासून ऐकत आले होते. शेवटी त्यांनी वॉकरवरची पकड सैल केली. “ठीक हाय. माही पेटी राहू द्या बाहेर. तुमी वाजवा. थांबू नका म्हनता, नाही थांबत. पण गाणं साऱ्याइचं. हे कबूल असन तं मी तुमच्या बाजूनं हाय.”

फादरांनी कबूल केलं. मला रडू आलं आणि रागही आला, पण बाईंनी माझ्याकडे पाहून डोळे वटारले, तेव्हा दोन्ही गिळलं.

पुढच्या तालमींना बाई अकोल्याच्या मंडळींबरोबर यायच्या आणि अगदी शिस्तीत फादरांची बाजू घ्यायच्या. कोणी सवयीने थांबलं की पहिला आवाज त्यांचा, “थांबाचं नाही म्हनलं ना! पुढं चला.” दोन-चार तालमींत गाडी रुळावर आली. सायमनकाका मधोमध, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अकोल्याची एक खणखणीत आवाजाची नर्स. दोन्ही टाके पक्के. काकांनी नवा शर्ट शिवायला टाकला होता, आणि तो झाला का, हे ते रोज शिंप्याला विचारून यायचे.

तो रविवार उजाडला. कोरकू ढोल फाटकाशी घुमला. आवारात मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. बाई पहिल्या बाकाच्या टोकाला खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. पायपेटी बाहेर व्हरांड्यात, चादरीसकट. घंटा झाली, मोठं दार उघडलं, क्रूस पुढे, मागे फादरांची रांग, शेवटी बिशप. कीबोर्ड वाजला आणि सगळं चर्च उठून गाऊ लागलं. ‘आलो तुझ्या अंगणी आम्ही सारे जण’. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

आणि चर्च थांबलं.

तालमीला आलेले आम्ही मोजके होतो. बाकीचं सगळं चर्च, बाकांवरचं, भिंतीलगतचं, दाराबाहेर मांडवातलं, आपल्या जन्माच्या सवयीने त्या जागेवर येऊन थांबलं. आम्ही गाणारे अर्धे थांबलो, अर्धे पुढे गेलो. कीबोर्ड पुढच्या ओळीत एकटा धावत होता. गोंधळ होणार हे दिसत होतं. कमिटीतले एक गृहस्थ वळून थेट सायमनकाकांकडे बघायला लागले. काकांचा चेहरा पांढरा पडला. खरं म्हणजे काका अजून पहिल्याच ओळीचं शेवटचं अक्षर धरून उभे होते.

धाकट्या फादरांनी कीबोर्डवरचे हात उचलले. एकदम चिडीचूप. बिशप पावलं टाकायचे थांबले. मग मी पाहिलं, सगळी डोकी एकाच बाजूला वळली होती, बाईंकडे. बाई मान हलवत होत्या, ‘मी नाही, मी नाही’, आणि हात मांडीवरच दाबून धरले होते, कारण शब्द दिला होता. त्यांनी फादरांकडे पाहिलं. फादरांनी कीबोर्डमागून त्यांना मान झुकवून खूण केली.

बाईंचा उजवा हात वर गेला. म्हातारा, शिरा दिसणारा हात. क्षणभर तो तसाच राहिला आणि खाली आला. ‘आत बोलाव देवा’ म्हणत सगळं चर्च उसळलं. बाहेरचा मांडव, आतले बाक, गायनमंडळ, सगळं एका वेळी, एका आवाजात, आणि फादरांचे सूर बरोबर त्याच्याखाली. पुढच्या प्रत्येक कडव्याला फादर त्या जागेवर थांबले आणि बाईंच्या हाताची वाट पाहत राहिले. सायमनकाका माझ्या कानाशी गात होते, डोळे मिटून, नव्या शर्टात. कबुतरं उडाली असतील तर मला दिसली नाहीत, कारण माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

मिस्सा संपल्यावर धाकटे फादर झगा न उतरवता बाईंकडे आले. “बाई, हे थांबणं कुठे लिहिलेलं नाही हो.”

“लिहाले कायले पायजे? सारे थांबतेत ना,” बाई म्हणाल्या. मग घाईघाईने, “मी काही केलं नाही बरं फादर. मी शब्द पाळला.”

“पाळलात. म्हणूनच हे थांबणं सगळ्यांचं आहे ते मला कळायला वेळ लागला,” फादर म्हणाले.

जेवणं झाली. पंगतीत आलूची भाजी, पुऱ्या आणि बुंदी. हात धुताना युनूसभाई माझ्याजवळ आले आणि चादरीकडे बोट दाखवून म्हणाले, “बाजा नहीं बजा? हमने तो चमडा इसी के वास्ते लगाया था.” ते सायमनकाकांनी ऐकलं. त्यांनी सरळ जाऊन पेटीवरची चादर ओढली, बाईंना खुर्चीसकट पेटीसमोर आणलं आणि स्वतः नव्या शर्टासकट फरशीवर बसले. दोन्ही हात पेटीच्या पायांनी दाबायच्या पट्ट्यांवर ठेवून मला म्हणाले, “ये वं पोरी. एक तू दाब, एक मी दाबतो.”

बाईंनी खाली वाकून आम्हा दोघांकडे पाहिलं. “माह्या पायानं म्हनलं होतं मी,” त्या म्हणाल्या.

“मंग आमी काय हाओत?” काका म्हणाले.

आम्ही भाता मारला, कधी दोघं एकदम, कधी उलटसुलट, त्यामुळे पेटी मधूनच हुंदका द्यायची आणि बाई वरून ओरडायच्या, “बराबर दाबा, लेकहो!” पहिली ओळ ऐकताच व्हरांड्याभोवती गर्दी झाली. कोरकू ढोलवाल्यांनी लय धरली, बासरी मिसळली, अकोल्याच्या बायकांनी फेर धरला. धाकटे फादर उभे राहून टाळ्या वाजवत होते. ऊन उतरेपर्यंत बाई वाजवत राहिल्या, आणि बसवाले हॉर्न देऊन देऊन थकले. निघताना त्यांनी गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या गालावरून फिरवला. “झाली माही शंभरी,” म्हणाल्या. इतक्या खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बाई अकोल्याला झोपेतच गेल्या. भाच्याने त्यांना इथे आणलं, कॅथेड्रलमध्ये. धाकट्या फादरांनी आदल्या दिवशीच पायपेटी आत नेऊन ठेवली होती, आणि मिस्सेला कीबोर्ड बंद ठेवून ते स्वतः पेटीवर बसले. मी माझ्या जागेवर उभी राहिले, सायमनकाकांच्या डाव्या अंगाला. बाईंना दारातून आत आणलं तेव्हा फादरांनी तेच प्रवेशगीत सुरू केलं. ‘आलो तुझ्या अंगणी आम्ही सारे जण’ इथवर आम्ही आलो आणि सगळे थांबलो. फादरांचे पाय थांबले. पेटीची हवा संपली. सगळं चर्च समोर बघत उभं होतं आणि वर जाणारा हात नव्हता. किती वेळ गेला कोणास ठाऊक. कोणीच पुढची ओळ धरेना.

मग माझ्या उजव्या कानाशी सायमनकाकांनी घसा साफ केला आणि आपल्या त्याच एका सुरात म्हणायला सुरुवात केली, ‘आत बोलाव देवा’. सगळं चर्च त्यांच्या मागून निघालं.